टर्बो गाडीतलं वॉटर-मिथेनॉल किट सारखं बंद पडतं? आधी पाणी तपासा, पंप नंतर

वॉटर-मिथेनॉल किट म्हणजे टर्बोच्या गरम हवेत पाणी आणि मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) यांचा बारीक फवारा सोडणारी टाकी, पंप, नोझल आणि कंट्रोलरची जोडणी. बाहेरून हे किट बसवलेल्या टर्बो पेट्रोल गाडीचं एकच दुखणं पुन्हा पुन्हा गॅरेजला येतं. बसवलं तेव्हा गाडी मस्त ओढत होती, आता काही फरकच पडत नाही, उलट मधूनच झटके मारते. माझं गॅरेज पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. इथे हे दुखणं जास्त होतं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा किटमध्ये नसतं, टाकीत ओतलेल्या पाण्यात असतं. लोक मात्र आधी पंप बदलतात, मग कंट्रोलर बदलतात आणि हजारो रुपये गेल्यावर नोझल उघडून पाहतात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरुवात करतो. खर्चाची कामं शेवटी.

लक्षणं

तक्रार कुठल्या प्रकारची आहे ते आधी ठरवा. त्यावरून निम्मं काम कमी होतं.

फवारा कमी पडतोय किंवा येतच नाही: परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना किंवा समृद्धीवर एसी लावून लांब पल्ला मारताना गाडी आधी बरी ओढते, मग मवाळ होते. दाबलं की इंजिनातून डब्यात हरभरे हलवल्यासारखी टकटक येते. एवढा घाट चढूनही टाकीतली पातळी जिथल्या तिथे असते.

फवारा नको तेव्हा येतोय किंवा जास्त येतोय: टर्बो नुकता चढायला लागला की गाडी अडखळते, एक-दोन झटके देते, आणि पुढे आरपीएम वाढल्यावर नीट होते. कधी चेक इंजिनचा दिवाही लागतो.

गाडी उभी असताना पाणी आत जातंय: सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन जड फिरतं, सुरू झाल्यावर लंगडतं, पांढरा धूर सोडतं आणि मिनिटभराने सुधारतं. रात्रीपेक्षा टाकीची पातळी खाली गेलेली असते. हे लक्षण असेल तर बाकीचं नंतर करा. खाली चेक व्हॉल्व्हबद्दल (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लिहिलंय ते वाचल्याशिवाय सेल्फ मारू नका.

आणि आमच्या भागातलं खास लक्षण: भरल्या दिवशी सगळं ठीक असतं, पण गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की फवारा बंद. याचं कारण पुढे येईलच.

फवारा नेमकं करतो काय

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. इंटरकूलर तिला गार करतो, पण बाहेरचीच हवा ४५ अंशांवर असेल तर तो तिला ४५ च्या खाली नेऊ शकत नाही. अशा गरम हवेत पेट्रोल प्लगच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. बारीक फवारा सोडला की पाण्याचे थेंब वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतात. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, मिथेनॉलला साधारण १,१०० आणि पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे गार करण्याचं खरं काम पाणी करतं. मिथेनॉल हे स्वतः चांगल्या ऑक्टेनचं, म्हणजे आपोआप सहज न पेटणारं इंधन असल्यामुळे ते नॉकिंग आणखी मागे ढकलतं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. थेंब बारीक असेल तरच वाफ होते. दाब कमी पडला की थेंब जाड होतात आणि तेच पाणी उपयोगाऐवजी अडथळा होतं. दुसरं म्हणजे इंजिन फवाऱ्यावर अवलंबून ठेवून ट्यून केलं असेल, म्हणजे फवारा आहे असं धरूनच त्याची सेटिंग केली असेल, तर फवारा बंद पडणं म्हणजे नुसती ताकद जाणं नाही, पिस्टन जाऊ शकतो. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या टर्बो गाडीत कारखान्यातूनच पाणी-मिथेनॉलची टाकी होती, आणि ती रिकामी झाली की गाडी आपोआप बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करायची. एवढी साधी सोय आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त किटमध्ये नसते. तुमच्या किटमध्ये ती आहे का, हे आजच विचारून घ्या.

हात लावण्याआधी

टाकीतलं मिश्रण काढून ठेवा आणि तपासणीपुरतं नुसतं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर भरा. सगळ्या चाचण्या त्यावरच करा. मिथेनॉलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेऊ लागते. आपल्याकडे पौषातल्या दुपारीसुद्धा यापेक्षा जास्त तापमान असतं. त्यात त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. आग लागलीय हे हात भाजल्यावर कळतं. बॅटरीचं पाणी आणताना बाटलीवरचं नाव वाचा. दुकानात शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं.

दुसरं, नोझल किंवा नळी तोंडाने फुंकू नका. कपाशीच्या फवारणी पंपाचं नोझल तुंबलं की फुंकर मारायची सवय आपल्याकडे हाडीमाशी खिळली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या औषधांशी ढिलाई किती महागात पडते, ते आपण पाहिलं आहे. मिथेनॉलही तितकंच वाईट. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो. ते कातडीतूनही शरीरात जातं. त्रास लगेच दिसत नाही, पुढच्या बारा ते चोवीस तासांत वाढतो. म्हणून चुकून तोंडात गेलं तर "बघू, काही होतंय का" असं म्हणत घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा आणि मिथेनॉल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. उरलेलं मिश्रण बिसलेरीच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीच ठेवू नका. घरात कोणी ना कोणी तहानलेलं असतं.

१. टाकीवर खूण करा

मार्करने टाकीवर पातळीची रेघ मारा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पाहा. मग एखाद्या चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर नेहमीसारखी (ट्यून मिथेनॉल धरून केलेलं असेल तर फार न दाबता) चालवून पुन्हा पाहा. उभ्या गाडीत पातळी उतरली तर गळती आहे किंवा पाणी इंजिनात ओढलं जातंय. चालवूनही उतरली नाही तर फवारा बंद आहे. दोन्ही ठिकाणी बरोबर असेल तर किट काम करतंय, आणि दोष कदाचित बूस्ट पाइपात, प्लगमध्ये किंवा पेट्रोलमध्ये आहे. या तपासणीला पैसा लागत नाही. तरी ती केल्याशिवाय लोक पंप मागवतात.

२. टाकीत काय ओतलंय

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याचा टीडीएस हजाराच्या पुढे सहज जातो. टीडीएस हजार म्हणजे एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार. पाच लिटरची टाकी भरली की पाच ग्रॅम क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने इंजिनाकडे पाठवता. नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, तिथे एवढे क्षार कसे निघणार?

आरओच्या जारचं पाणी लोकांना शुद्ध वाटतं. प्यायला ते ठीक आहे, पण त्यातही क्षार उरतात, बऱ्याचदा चवीसाठी मुद्दाम ठेवलेले असतात. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एक घेऊन ठेवा. बॅटरीच्या पाण्यात तो बुडवला तर आकडा दहाच्या आत यायला हवा. त्यापेक्षा जास्त येत असेल तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, ते पाणी टाकीत नको. मिथेनॉल मिसळण्याआधीच्या नुसत्या पाण्याचा टीडीएस मोजा. मिश्रणात मीटर खरा आकडा दाखवत नाही.

आता आठ-दहा दिवस गाडी उभी राहिल्यावर फवारा का बंद पडतो, ते सांगतो. गाडी चालू असताना पाणी वाहत असतं, तेव्हा क्षारही वाहून जातात. इंजिन बंद केलं की बॉनेटखाली उष्णता साठते, आणि नोझलच्या टोकाशी अडकलेला शेवटचा थेंब तिथेच वाळतो. पाणी उडतं, क्षार राहतात. पुढच्या वेळी त्यावर दुसरा थर बसतो. म्हणजे नोझल चालवताना तुंबत नाही, उभ्या गाडीत तुंबतं. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला हा त्रास जास्त होतो.

मिथेनॉलच्या नावाखाली काय भरलंय तेही पाहा. रंगाच्या दुकानातला थिनर म्हणजे मिथेनॉल नाही. त्यातल्या इतर द्रावकांनी पंपाचं रबर फुगतं. परदेशी व्हिडिओंत काच धुण्याचं निळं पाणी थेट टाकीत ओततात. तिकडच्या थंडीतल्या त्या पाण्यात मिथेनॉल असतं, आपल्याकडच्या काच धुण्याच्या पाण्यात साबण असतो. त्याचा फेस होतो आणि चिकट थर उरतो. मिश्रण निम्मं-निम्मंच ठेवा, मिथेनॉल त्याहून जास्त नको. आणि उन्हाळ्यात जुनं मिश्रण वापरू नका, कारण मिथेनॉल ६५ अंशांखालीच उकळतं आणि तापलेल्या डिकीत टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायची बारीक नळी) हळूहळू उडून जातं. दोन महिन्यांपूर्वीचं निम्मं-निम्मं आज तसं राहिलेलं नसतं.

माझं स्पष्ट मत आहे की गावात राहून गाडी चालवणाऱ्याने नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावरच किट चालवावं. मिथेनॉल १९१९ च्या विष कायद्याखाली येतं. ते साठवायला आणि विकायला परवाना लागतो. ओळखीने, चिठ्ठीवर आणलेल्या कॅनमध्ये काय आहे हे कोणी सांगू शकत नाही. गार करण्याचं मोठं काम पाणीच करतं, हे वर लिहिलंच आहे. मात्र ट्यून मिथेनॉल धरून केलेलं असेल तर आधी ट्यूनरकडून ते बदलून घ्या, त्याशिवाय नुसत्या पाण्यावर दाबून चालवू नका.

३. टाकीचा ब्रीदर आणि झाकण

पंप पाणी ओढतो तेवढी हवा टाकीत यायला हवी. ब्रीदर बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते, पंपाचा आवाज बदलतो, टाकीच्या भिंती किंचित आत ओढल्या जातात आणि फवारा हळूहळू मरतो. परीक्षा सोपी आहे. झाकण सैल करून पंप चालवा. फवारा सुधारला तर दोष सापडला.

ब्रीदरच्या नळीत काळ्या मातीची धूळ बसते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुंभारीण माशी कोणाच्या लक्षात येत नाही. गोठ्यात, झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रीदरच्या नळीत ती वाटाण्याएवढी मातीची गोळी लावून तोंड लिंपून टाकते. बाहेरून नळी नुसती मळकट वाटते. टॉर्च मारून पाहा, बारीक काडीने मोकळी करा आणि तोंडाला बारीक जाळी बांधा.

४. फ्यूज, रिले, अर्थिंग

टेस्ट बटण दाबल्यावर पंप वाजतच नसेल तर आधी फ्यूज पाहा. फ्यूज गेला असेल तर किटच्या कागदावर लिहिलेल्याच अँपिअरचा घाला. मोठा घालू नका, कारण ही तार डिकीपासून बॉनेटपर्यंत जाते, तापली तर मध्ये कुठे पेटेल ते दिसणार नाही. नवा फ्यूजही उडाला तर तार कुठेतरी घासली आहे. ती सापडेपर्यंत तिसरा घालू नका.

पंप वाजतो पण मलूल वाजतो, असं असेल तर मल्टिमीटर काढा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, साधारण १४ च्या आसपास मिळेल. मग पंप फिरत असताना पंपाच्या दोन टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे, रिलेचे पॉइंट जळालेत किंवा अर्थिंग खराब आहे. बहुतेक वेळा अर्थिंगच असतं. रंगावरच स्क्रू मारून अर्थ घेतलेला असतो. पत्रा घासून उघडा करा, टर्मिनल घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा.

५. फिल्टर आणि नोझल

टाकी आणि पंपाच्या मधला फिल्टर उघडा. जाळीवर भुरकट पापुद्रा दिसला तर तो क्षार आहे, हिरवट चिकट दिसलं तर शेवाळ. नुसतं पाणी भरून पारदर्शक टाकी उन्हात ठेवली की शेवाळ धरतं. अशा टाकीवर काळी पट्टी किंवा कापड गुंडाळा.

नोझल काढा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहा. निरोगी नोझलचं भोक गोल आणि कडा चकचकीत असते. क्षार बसलेल्या नोझलच्या तोंडाभोवती पांढरी कड दिसते, आणि आतली बारीक जाळी एका बाजूने बुजलेली असते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्वात तासभर बुडवून ठेवा, मग बॅटरीच्या पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरची हवा उलट्या दिशेने मारा. सुई, तार, पिन भोकात घालू नका. भोक एक केसभर मोठं झालं तरी फवाऱ्याचा शंकू बिघडतो, एका बाजूने धार येते. असं नोझल फेकायचंच असतं.

आता या लेखातली सगळ्यात कामाची चाचणी. नोझल नळीला लावून गाडीच्या बाहेर, स्वच्छ मोठ्या बाटलीत धरा. टाकीत बॅटरीचंच पाणी आहे याची पुन्हा खात्री करा. टेस्ट बटणाने पंप पूर्ण ताकदीवर एक मिनिट चालवा आणि बाटलीत जमलेलं पाणी मेडिकलमधल्या मोठ्या सिरिंजने मोजा. फवारा धुक्यासारखा पसरायला हवा, थेंब थेंब किंवा सरळ धार चालणार नाही.

किती पाणी यायला हवं? साधारण १२० अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण दाबावर मिनिटाला अंदाजे ६७० मिली पेट्रोल पितं. त्याच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६५ ते १०० मिली फवारा पुरतो. नोझलवर लिहिलेला आकडा ठरावीक दाबाचा असतो. दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होतं. ७ बार दाबाला १०० मिली देणारं नोझल १० बारला १२० च्या आसपास देईल. गाडीत एक बार बूस्ट असेल तर तो उलट दाब कापला जातो, त्यामुळे उघड्यावर मोजलेल्यापेक्षा थोडं कमीच जाईल. तुमचा आकडा या हिशेबाच्या निम्म्यावर असेल आणि नोझल स्वच्छ असेल, तर पंपाकडे वळा. दुप्पट असेल तर कोणीतरी भोक मोठं केलंय किंवा मोठं नोझल विकलंय. झटक्यांचं कारण हेच.

६. नळी, जोड आणि उंदीर

नायलॉनची नळी जोडात दाबून बसते. टोक कटरने सरळ कापलेलं हवं. पक्कडीने तिरपं कापलेलं टोक वरून घट्ट वाटतं, पण दाब आला की झिरपतं. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून पंप चालवा, ओला झालेला जोड लगेच सापडेल. नळी टर्बो किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल तर आजच हलवा. तिथे मिथेनॉल गळलं तर आग लागते.

कापूस साठवलेल्या घराजवळ गाडी उभी राहत असेल तर गाडीखालची अख्खी नळी हाताने चाचपा. उंदीर कुरतडतात, आणि चावा इतका बारीक असतो की नुसत्या नजरेला सापडत नाही. जाड प्लास्टिकच्या पन्हळी पाइपातून नळी नेली की हा त्रास बराच कमी होतो.

७. चेक व्हॉल्व्ह: उभ्या गाडीत पाणी का जातं

हा भाग घाईत वाचू नका. नोझल थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपावर, बसवलेलं असेल तर इंजिन आयडलला असताना तिथे जोरदार ओढ असते. ती पाणी टाकीतून स्वतःच खेचू शकते. टाकी नोझलपेक्षा उंचावर असेल तर इंजिन बंद असतानाही पाणी वजनाने खाली उतरतं आणि सिलिंडरमध्ये साचतं. पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेल्फ मारताना इंजिन एकदम "ठक" करून अडलं तर दुसरा प्रयत्न करू नका. धक्का मारून, टो करून, गिअरमध्ये टाकून सुरू करायचा तर विचारही नको. प्लग काढून पाणी बाहेर काढणं आणि रॉड तपासणं हे मेकॅनिकचं काम आहे. इथे थांबायचं.

तेवढी वेळ आलेली नसेल तर चाचणी अशी करा. नोझल बाहेर काढा, नळी जोडलेलीच ठेवा, टोकाला टिश्यू गुंडाळून रात्रभर टाकीपेक्षा खाली टांगून ठेवा. सकाळी ओला सापडला तर चेक व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारी झडप) धरत नाही. बऱ्याचदा तिथेही क्षाराचा कणच अडकलेला असतो. व्हिनेगरने धुऊन एकदा पाहा, तरी झिरपलं तर बदला. टाकी नेहमी नोझलपेक्षा खालच्या पातळीवर बसवा. मला विचाराल तर नोझलची जागा इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटलच्या अलीकडेच हवी. तिथे आयडलची ओढ पोचत नाही. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मात्र फवाऱ्याच्या वाटेत नको. तो ओला झाला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हवा आहे त्यापेक्षा गार वाटते आणि सगळा हिशेब चुकतो.

८. कंट्रोलर आणि बूस्टची बारीक नळी

कंट्रोलरला बूस्ट सांगणारी रबरी नळी उन्हाने तडकते. तडकली की बूस्ट कमी दिसतो आणि फवारा उशिरा सुरू होतो. ही नळी अगदी स्वस्तात मिळते, शंका असली तरी बदलून टाका.

नळी बरी आणि गाडी अडखळतेच, तर फवारा फार लवकर सुरू होतोय. तुमचा कमाल बूस्ट एक बार असेल तर सुरुवात अर्ध्या बारच्या आसपास ठेवा आणि तिथून थोडी थोडी पुढे-मागे करा. एका वेळी एकच नॉब फिरवा. आधीची जागा मार्करने आखून ठेवा.

९. पंप

सगळं बरोबर असूनही बाटलीतला आकडा कमी येत असेल तरच पंपावर या. पंपाच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर गेज बसवा आणि किटच्या कागदावरच्या दाबाशी ताडून पाहा.

आपल्याकडे एक जुगाड सर्रास चालतो. बॅटरीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची मोटर काढून किटला लावतात. दिसायला दोन्ही सारखे, डायफ्रामचेच. पण फवारणीचा पंप बराच कमी दाबाचा असतो. तो लावला की थेंब जाड होतात, आणि त्याचं रबर मिथेनॉलसाठी बनवलेलं नसतं, काही महिन्यांत फुगून बसतं. शिवाय जुन्या पंपात कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो. नवा घेताना मिथेनॉल चालतं असं लिहिलेलाच पंप घ्या.

इथून पुढे हात लावू नका

फवारा मोजून बरोबर आहे, तरी टकटक येतेच: दाबून चालवणं त्याच दिवशी बंद. बूस्ट कमी करून हळू चालवत गाडी ट्यूनरकडे न्या. लॅपटॉप लावून टायमिंग आणि नॉक सेन्सर पाहिल्याशिवाय हे कळत नाही, अंदाजाने नॉब फिरवून तर अजिबात नाही.

चेक इंजिनचा दिवा चमकतोय, म्हणजे लागून राहत नाही, उघडझाप करतोय: इंजिन मिसफायर होतंय. गाडी बाजूला घ्या, बंद करा.

ऑइलच्या कांडीवर किंवा झाकणाखाली दुधी फेस दिसला: आत पाणी गेलंय, हेड गॅस्केट किंवा साचलेला फवारा. सुरू न करता गॅरेजला कळवा.

गाडीच्या आत मिथेनॉलचा वास येतोय: दारं उघडा, सगळे खाली उतरा, कुठलाही स्विच किंवा लाइटर नको. लांब जाऊन, गाडी गार झाल्यावर बॅटरीची तार काढेल असा माणूस बोलवा.

टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हावा, ही जोडणी ईसीयूत शिरून करावी लागते. घरी करू नका, पण करून मात्र घ्या. लेव्हल स्विचचा नुसता दिवा पुरत नाही, घाटात ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असतं. याच वेळी आरसी आणि विम्याचंही विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरबदल करायला मनाई आहे, कायद्याने मुभा दिलेला बदलही आरटीओला कळवावा लागतो. न कळवता अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला कारण शोधते.

मेकॅनिककडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: बाटलीत मिनिटाला किती मिली आलं, पंपावर किती व्होल्ट मिळाले, पाण्याचा टीडीएस किती, मिश्रण कसलं आणि कधी केलेलं, नोझलवर काय आकडा आहे, झटका किती बूस्टला येतो, आणि रात्रभरात टाकी किती उतरली. हा कागद हातात असला की चांगला माणूस सरळ दोषावर येतो. तो कागद न वाचताच पंप बदलायला सांगत असेल, तर गाडी दुसरीकडे न्या.